कळशी पडायला २२ फ्रेम: एका हौशी ॲनिमेशनपटावरच्या अभिप्रायांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच गटातलं आहे. ज्याची फिल्म होती त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे अनिकेत म्हणू.

आम्ही सहा जण महिन्यातून एका रविवारी पुण्यात एकीच्या घरी जमतो. घर ज्यांचं त्या शाळेत चित्रकला शिकवतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. बाकीचे कुणी अकाउंटंट, कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मी काही वर्षं एका छोट्या स्टुडिओत ॲनिमेटर होतो, म्हणून गटात मला 'सर' म्हणतात. या 'सर'पणाचा पुढच्या घोटाळ्यात मोठा वाटा आहे. सगळे ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरतात, कारण ते फुकट आहे. २००२ मध्ये लोकवर्गणीतून १ लाख युरो जमले आणि हे सॉफ्टवेअर खुलं झालं, नाहीतर आमच्यासारख्यांचा गट निघालाच नसता.

अनिकेत वय ३४, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी. ॲनिमेशन रात्री जेवणानंतर. त्याची फिल्म ४८ सेकंदांची होती, पाच शॉट. एक आजी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून घरी येते. वाटेत शेळी आडवी येते, आजी अडखळते, हंडा वाचतो पण कळशी पडते. शेळी सांडलेलं पाणी पिते. आजी आधी चिडते, मग हसते. इतकंच.

सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ४८ सेकंदांच्या ११५२ फ्रेम झाल्या. सायकल्स या रेंडर इंजिनवर (दृश्यातून पक्कं चित्र तयार करणारा ब्लेंडरचा भाग) त्याच्या संगणकाला एका फ्रेमला सरासरी ३ मिनिटं लागायची. हिशेब केला तर ५७ तासांहून जास्त. मध्ये दोनदा लाइट गेली. फ्रेम सुट्या चित्रांच्या रूपात साठवत होता म्हणून निभावलं. असं सगळं पूर्ण करून, वर बासरी लावून, शेवटी श्रेयनामावली घालून तो पेनड्राइव्ह घेऊन एसटीने पुण्याला आला.

अडचण

फिल्म पाहिली. टाळ्या वाजल्या. मग सव्वा तास आम्ही बोलत होतो आणि तो वहीत लिहून घेत होता.

ती वही मी नंतर मागून घेतली. त्यात ३७ सूचना होत्या. ११ प्रकाश, रंग आणि कापडाच्या पोतावर. ६ संगीतावर आणि नावांच्या अक्षरांवर. ५ ठिकाणी नुसती तत्त्वांची नावं: 'अँटिसिपेशन कमी', 'अपील नाही' वगैरे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ॲनिमेशनची १२ तत्त्वं आमच्या गटात सगळ्यांना पाठ आहेत. पाठ असण्याचा तोटा असा की काय खटकलं ते बघायच्या आधीच त्याला नाव देऊन माणूस मोकळा होतो. 'अपील नाही' हे ऐकून पतसंस्थेतल्या माणसाने रात्री घरी जाऊन कोणती कीफ्रेम, म्हणजे हाताने पोझ ठरवलेली कोणती फ्रेम, हलवायची?

४ सूचना एकमेकींच्या विरुद्ध होत्या. चाल सावकाश कर, चाल जलद कर. कॅमेरा जवळ घे, लांब ने. ३ नुसती स्तुती: 'एकदम प्रोफेशनल'. हालचालीबद्दल, आणि नेमक्या जागेवर बोट ठेवून केलेल्या सूचना उरल्या ८.

यातली एक सूचना सविस्तर सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यात आलं. तिसऱ्या शॉटमध्ये कळशी पडते तिथे एका सभासदाला काहीतरी खटकलं. खटकलं ते बरोबरच होतं. पण तो पुढे म्हणाला, "पाणी खरं वाटत नाही. फ्लुइड सिम्युलेशन नीट कर." बाकीच्यांनी माना हलवल्या, मीही. अनिकेतने पुढचे दोन आठवडे पाण्याच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पाण्याची हालचाल संगणकाकडून हिशेबाने काढून घेण्यात, घातले.

दुखणं पाण्यात नव्हतंच. कळशी फ्रेम ३८८ ला कमरेवरून सुटत होती आणि ४१० ला जमिनीवर आदळत होती. २२ फ्रेम. कंबर जमिनीपासून साधारण एक मीटर धरली तर वस्तू ०.४५ सेकंदात खाली येते, म्हणजे ११ फ्रेममध्ये. पडायला दुप्पट वेळ लागला तर डोळ्याला गुरुत्वाकर्षण चौपटीने कमी वाटतं. चंद्रावर ते एक षष्ठांश असतं. त्याची कळशी जवळपास तिथेच पडत होती. शिवाय ब्लेंडर दोन कीफ्रेमच्या मध्ये आपणहून जी वळणदार रेषा टाकतं, तिच्यात हालचाल सुरुवातीला हळू आणि शेवटीही हळू होते. पडणारी वस्तू जमिनीपर्यंत वेग वाढवत जाते. ही कळशी मात्र आदळायच्या आधी थबकत होती, कोणी हाताने अलगद ठेवावी तशी. ग्राफ एडिटर, म्हणजे ही रेषा जिथे दिसते ती खिडकी, उघडून शेवटच्या कीफ्रेमचं हँडल (रेषेला वळण देणारा दांडा) तोडलं असतं आणि अंतर निम्मं केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

आता माझी चूक. दुसऱ्या शॉटमधली आजीची चाल मला ढिली वाटत होती. मी म्हणालो, "दे इकडे, दाखवतो." माउस हातात घेतला आणि सगळ्यांसमोर पंधरा मिनिटांत कंबरेच्या आणि पायांच्या कीफ्रेम बदलून टाकल्या. चाल सुधारली. सगळे वा वा म्हणाले. अनिकेत काही बोलला नाही.

सहा आठवड्यांनी त्याने दुसरी आवृत्ती पाठवली. ३७ पैकी २९ सूचना त्याने अमलात आणल्या होत्या. फिल्म आधीपेक्षा वाईट झाली होती. 'धक्के दिसतात, स्मूथ कर' असं कोणीतरी म्हटलं होतं, म्हणून त्याने जागोजागी मधल्या कीफ्रेम घालून सगळं गुळगुळीत केलं. पाय जमिनीवर टेकल्यावरही घसरत होते आणि आजी बर्फावरून चालल्यासारखी दिसत होती. दुसरा शॉट तेवढा ठीक होता, आणि तो बाकीच्या चार शॉटपासून फटकून दिसत होता, कारण तो माझा होता.

त्यानंतर दोन महिने तो आला नाही.

पर्याय

ताईंनी मला फोन केला. मग त्याच्याशी बोलणं झालं आणि आम्ही तिघं एका शनिवारी भेटलो. त्याने आल्याआल्या एकच वाक्य सांगितलं: "सर, तुम्ही केलंत ते चांगलंच झालं. पण ती माझी आजी राहिली नाही."

समोर चार वाटा होत्या. पहिली, फिल्म आहे तशी प्रकाशित करून टाकायची. ही त्यालाच नको होती. दुसरी, बाकीचे शॉटही मी करून द्यायचे आणि श्रेयात दोघांची नावं. मी हे सुचवलं तेव्हा ताई नुसत्या हसल्या. तिसरी, हे सोडून नवी फिल्म सुरू करायची. हौशी माणसं बहुतेक वेळा हेच करतात, म्हणूनच आमच्या सगळ्यांच्या हार्ड डिस्कवर अर्धवट फिल्मांचे ढीग आहेत. माझा कौल तेव्हा तिसऱ्या वाटेला होता, हे कबूल करतो.

चौथी वाट ताईंनी मांडली. फिल्म तीच, पण फक्त दुसरा आणि तिसरा शॉट घ्यायचा आणि तोही पार मागे, ब्लॉकिंगपर्यंत नेऊन. म्हणजे मुख्य पोझ तेवढ्या ठेवायच्या, मधली हालचाल काढून टाकायची, रंग नाही, प्रकाश नाही, बासरी नाही. आणि सूचना द्यायची आमची पद्धत बदलायची.

ताई पंचवीस वर्षं मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसवत आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "मी मुलांच्या चित्रावर माझी पेन्सिल कधी फिरवत नाही. वर ट्रेसिंग पेपर ठेवते आणि त्याच्यावर दाखवते. कागद उचलला की चित्र परत त्याचं." मला थोडं लागलं. पण ब्लेंडरमध्ये ग्रीज पेन्सिल नावाची सोय नेमकी याचसाठी वापरता येते. फ्रेमवर रेघ ओढता येते आणि खालच्या कीफ्रेमला धक्का लागत नाही. इतकी वर्षं हाताशी असून मी माउसच हिसकावला.

अनिकेत लगेच तयार झाला नाही. रेंडर झालेली फिल्म मोडून परत करड्या ठोकळ्यांवर जायचं म्हणजे पाच महिने मागे जाणं. त्याने एक अट घातली: शेवटी आजी हसते ते कोणी बदलायला सांगायचं नाही. पहिल्या बैठकीत तिघांना ते हसणं खोटं वाटलं होतं. आम्ही अट मान्य केली. मला अजूनही ते हसणं दोन फ्रेम लवकर येतं असं वाटतं, पण ते त्याच्याकडे बोलायचं नाही असं ठरलं आहे.

काय केलं

आधी प्रश्न बदलला. 'कसं वाटलं?' असं विचारायचं नाही. दाखवणाऱ्याने तीन प्रश्न कागदावर लिहून आणायचे. अनिकेतचे प्रश्न होते: हंडा भरलेला वाटतो का? आजी किती वयाची वाटते? ती अडखळणार हे आधीच कळतं का? प्रकाशाबद्दल बोलायची आमच्यातल्या दोघांची जीभ वळवळत होती, पण प्रकाश विचारलाच नव्हता.

मग ताईंनी एक शंका काढली. आपल्या सगळ्यांना गोष्ट आधीपासून माहीत आहे. आपल्याला जे दिसतं ते पडद्यावर आहे की डोक्यात? म्हणून त्यांनी शाळेतल्या दोन शिक्षिका आणि शेजारची कॉलेजमधली दोन मुलं बोलावली. त्यांना फक्त दुसऱ्या शॉटचं ब्लॉकिंग दोनदा दाखवलं, माझ्या कीफ्रेम होत्या तेच. अभिप्राय मागितला नाही. काय घडतंय ते एका ओळीत लिहा, एवढंच सांगितलं.

चारपैकी तिघांनी लिहिलं: आजी पाणी आणायला निघाली आहे.

विहिरीवरून परत येणारी आजी त्यांना विहिरीकडे जाताना दिसली, कारण हंडा रिकामा दिसत होता. ज्या चालीवर वा वा झाली होती तिच्यात डोकं प्रत्येक पावलाला खालीवर होत होतं आणि हंडा त्याबरोबर उड्या मारत होता. मी तिला छान चालवलं होतं, पण डोक्यावर १५ लिटर, म्हणजे १५ किलो पाणी आहे हे विसरून. भांड्याचं वजन वेगळंच. मी कागदांकडे बघत होतो तेव्हा अनिकेतने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचं सौजन्य.

यावर उपाय काय, ते आम्ही सांगायचं नाही असा नियम होता. काय दिसलं आणि कोणत्या फ्रेमला, इतकंच. उपाय त्याने शोधला. गावी आत्याला हंडा आणि कळशी भरून अंगणात चालायला लावलं आणि समोरून, बाजूने असं फोनवर शूटिंग केलं. आत्या म्हणाली म्हणे, "एवढं सगळं करून शेवटी पाणी सांडायचंच दाखवणार का?"

त्या व्हिडिओत बरंच काही होतं. डोकं जवळजवळ एका पातळीत राहतं; उतारचढाव गुडघे आणि कंबर पचवतात. पाऊल आखूड पडतं. दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढतो. कळशीच्या बाजूचा हात हलतच नाही आणि धड विरुद्ध बाजूला झुकतं. यातलं एकही आमच्या ३७ सूचनांत नव्हतं.

त्याने व्हिडिओ मागे लावून त्यावरून पोझ घेतल्या आणि चाल विलक्षण जड झाली, गरजेपेक्षा जास्तच. पुढच्या बैठकीत इंजिनिअरिंगवाल्या मुलाने विचारलं, "फोन किती फ्रेमने शूट करतो?" ३० ने. फिल्म २४ ची. ब्लेंडरमध्ये फ्रेमला फ्रेम लावली की सेकंदाचा व्हिडिओ सव्वा सेकंदात चालतो. आत्याचं पाऊल फोनच्या १५ फ्रेमचं होतं, ते इकडे १२ फ्रेममध्ये बसवायला हवं होतं. त्याने १५ च ठेवलं होतं. फोनवरून पोझ घेणाऱ्या कोणाचीही ही चूक होते. तो मुलगा बोलला नसता तर आम्ही 'वजन मस्त आलंय' म्हणून मोकळे झालो असतो.

बैठकीचा क्रम असा ठरला: शॉट आधी दोनदा चालवायचा, कोणी बोलायचं नाही. मग एकेकाने फ्रेम क्रमांकासह काय दिसलं ते सांगायचं. पहिल्या फेरीत अनिकेतने उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहायचं. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड गेला. 'ते मी मुद्दाम केलंय' असं म्हणायला तो तीनदा तोंड उघडून गप्प बसला. पण प्रेक्षकाशेजारी बसून तो प्रत्येकाला समजावून सांगणार नव्हता, हे त्याला पटलं होतं.

कळशीचं कोडं या पद्धतीत पहिल्याच फेरीत सुटलं. सूचना अशी आली: "३८८ ते ४१०, कळशी तरंगते." पाण्याचं नाव नाही, सिम्युलेशनचं नाव नाही. त्याने घरी जाऊन आकडा मोजला, ११ केला, हँडल तोडलं. आणि मग स्वतःच ठरवलं की सांडणारं पाणी दाखवायचंच नाही. कळशी चौकटीच्या खाली जाते, आवाज येतो, पुढच्या शॉटमध्ये ओली होत जाणारी माती. दोन आठवड्यांचं सिम्युलेशन त्याने डिलीट केलं. हा निर्णय आमच्यापैकी कोणी सुचवला असता तर तो त्याला शिक्षा वाटला असता.

निष्पत्ती

फिल्म ४१ सेकंदांची झाली. पहिल्या शॉटमधली नुसती टेकडी दाखवणारी ७ सेकंदं त्याने उडवली. सायकल्सऐवजी ईव्ही हे ब्लेंडरचंच जलद रेंडर इंजिन घेतलं, त्यामुळे एका फ्रेमला २० सेकंद आणि ९८४ फ्रेमला साडेपाच तास. दिसायला पहिली आवृत्ती जास्त देखणी होती, यात वाद नाही. दुसरा शॉट आता त्याचा आहे. आजी थोडी वाकडी चालते आणि हंडा भरलेला आहे. नव्या चार जणांना दाखवलं तेव्हा चौघांनीही 'पाणी घेऊन येते आहे' असं लिहिलं. चौथ्या शॉटमध्ये आजीचा उजवा पाय अजून किंचित घसरतो. ते सोडून दिलं.

एक सभासद गट सोडून गेला. त्याचं म्हणणं, रविवारची गंमत गेली, शाळा झाली. त्याचं अगदीच चूक नव्हतं. पहिले तीन महिने आम्ही नियम इतके कडक पाळले की चहा घेतानाही फ्रेम क्रमांक चालायचे. आता तीन प्रश्न आणि 'माउसला हात नाही' एवढंच पक्कं आहे, बाकी सैल.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, त्याला पूर्ण रेंडर करूच द्यायला नको होतं. स्टुडिओत डेलीज नावाची रोजची बैठक असते आणि तिथे अर्धवट, कुरूप काम दाखवणं हीच रीत आहे. मला ते ठाऊक होतं. पण आमच्या गटात 'झालं की दाखव' असं म्हणायची सवय, आणि हौशी माणसाला तर अर्धवट दाखवायची लाजच वाटते. ५७ तास रेंडर केलेल्या माणसाला 'कळशी सावकाश पडते' हे सांगायला समोरच्याचीही जीभ रेटत नाही, मग तो अक्षरांच्या रंगाबद्दल बोलतो. मला वाटतं त्या ११ आणि ६ सूचनांचं मूळ इथे आहे: पूर्ण झालेल्या कामात हलवता येण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं.

दुसरं, ३७ सूचना लिहून घेणाऱ्याला कोणीतरी थांबवायला हवं होतं. घरी जाऊन त्यातल्या तीन निवड, असं एक वाक्य पुरलं असतं. सगळ्या सूचना पाळणं हे त्याला नम्रतेचं लक्षण वाटत होतं, आणि आम्हालाही ते आवडत होतं.

माउसबद्दल मी वर बोललोच आहे. फक्त एवढं नोंदवतो की मी बदललेली चाल वाईट नव्हती. वाईट असती तर त्याने ती सहज पुसली असती. ती चांगली होती म्हणून त्याला तिच्याशी काहीच करता येईना.

आणि त्याच्या बाजूने: गप्प राहिला ते त्याने तेव्हाच बोलायला हवं होतं, असं तो स्वतः म्हणतो. 'सर' म्हणायचं सोड, असं मी सुचवून पाहिलं. दोन बैठका त्याने नावाने हाक मारली, मग परत 'सर'.

पूर्ण झालेली फिल्म त्याने गावी आत्याला फोनवर दाखवली. तिने शेळीपर्यंत नीट बघितली, मग फोन परत मागून सुरुवातीपासून लावायला सांगितली आणि विचारलं, "हंडा असाच ठेवलाय डोक्यावर? चुंबळ कुठाय?" तिच्याच व्हिडिओत, समोरून आणि बाजूने, डोक्यावर लुगड्याची चुंबळ स्पष्ट दिसते. आठ महिने आम्ही तो व्हिडिओ फ्रेम फ्रेम करून पाहत होतो. अनिकेतने वहीत शेवटची ओळ लिहिली आहे: फ्रेम १ ते ९८४, चुंबळ नाही.